आठ आण्यांची रुंदी आणि एकच जिना

१/२४
पिंपरी स्थानकातून बाहेर पडून कॅम्पाच्या बाजारात शिरा आणि एकदा मान वर करून पाहा. खाली साड्यांचे दुकान, वर मोबाइल दुरुस्ती, त्याच्या वर शिकवणी वर्ग, मग दंतवैद्य, गच्चीवर पत्र्याची शेड. रुंदी सोळा-सतरा फूट, उंची पाच मजले. किल्ल्याचा चिरा न् चिरा ओळखणारा इतिहासप्रेमी या इमारतीवर ‘विद्रूप’ असा शेरा मारून पुढे निघून जातो. आजचा थ्रेड त्या शेऱ्याविरुद्ध आहे.

२/२४
आणि तो केवळ त्याच शेऱ्याविरुद्ध नाही. ‘जागाच एवढीशी, मग दुसरा जिना कुठून आणायचा?’ असे म्हणून या इमारतींचे समर्थन करणाऱ्यांविरुद्धही तो आहे. पहिला पक्ष अरुंदपणाला गुन्हा समजतो, दुसरा पक्ष अरुंदपणाआड गुन्हा लपवतो. माझे म्हणणे एका वाक्यात असे : अरुंद उंच दुकान ही आपल्याच इतिहासाने घडवलेली, टिकवण्याजोगी वास्तू आहे, तिच्यात माणसांचा जीव धोक्यात येतो तो जिन्याच्या काटकसरीमुळे.

३/२४
आधी एक गैरसमज दूर करू. ‘ही परदेशी गगनचुंबी इमारतींची स्वस्त नक्कल’ असे सर्रास म्हटले जाते. यात अर्धेच सत्य आहे. दुकान मजल्यांवर चढवण्याची युक्ती परदेशातून आली हे खरे. १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर हॉवाउट यांच्या पाच मजली दुकानात एलिशा ओटिसने वाफेवर चालणारा प्रवासी पाळणा बसवला. तेथे चिनी मातीची भांडी, काचसामान आणि झुंबरे विकली जात. गिऱ्हाईक जिने चढत नाही, ही दुकानदाराची जुनी अडचण त्या पाळण्याने सोडवली.

४/२४
लिफ्टपूर्वी इमारतीचा जो मजला जितका वर, तितके त्याचे भाडे कमी. लिफ्टने हा हिशेब पालटला आणि वरचा मजलाही बाजाराचा भाग झाला. आपल्या पाच मजली गाळ्यांची उंची या शोधाची ऋणी आहे, हे मान्य. पण रुंदीचे काय? सोळा-सतरा फूट हाच आकडा का? तो न्यूयॉर्कहून आला नाही, पॅरिसहूनही नाही. त्याचा माग काढत गेलो तर आपण पुणे जिल्ह्यातल्याच एका तालुक्यात जाऊन पोहोचतो.

५/२४
तो तालुका म्हणजे इंदापूर. पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारच्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची पाहणी केली. तिच्यातील सदोष आकारणीने शेतकरी टेकीला आला. ती चूक निस्तरण्यासाठी १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने मोजणी आरंभली. पुढे मुंबई इलाख्यात रुजलेल्या सर्व्हे-सेटलमेंट पद्धतीचा हा पाया. आपल्या सातबाऱ्यावरचे एकर-गुंठे याच मोजणीचा वारसा सांगतात.

६/२४
या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे भाग किती? सोळा. त्यांना नाव होते ‘आणे’. रुपयाचे जसे सोळा आणे, तसेच साखळीचेही. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे मिळून एक एकर. जमिनीचा व्यवहार करणारा प्रत्येक मराठी माणूस हे आकडे तोंडपाठ म्हणतो. ते मूळ कोठून आले, हे मात्र क्वचितच कोणी सांगते.

७/२४
आता गंमत पाहा. साखळीचे अर्धे केले की साडेसोळा फूट होतात, म्हणजे आठ आणे. दर्शनी रुंदी आठ आणे आणि खोली दोन साखळ्या, म्हणजे ६६ फूट, धरली की भरतो बरोबर एक गुंठा. त्याऐवजी खोली एकच साखळी धरली तर अर्धा गुंठा. शेत रस्त्याला लागून असले की विकणारा ते असेच पट्ट्यापट्ट्यांनी कापतो, कारण प्रत्येक तुकड्याला रस्त्यावर तोंड मिळाले तरच त्याला भाव येतो. सगळेच गाळे या मापाचे नाहीत, पण या पट्ट्यातल्या अरुंद इमारतींमागचा हिशेब हाच.

८/२४
थोडक्यात, ज्या इमारतीला आपण ‘बेशिस्त’ म्हणतो तिच्या मुळाशी फार कडक शिस्त आहे. महसुलासाठी आखलेली साखळी शेतातून उचलून रस्त्याच्या कडेला उभी केली गेली, एवढेच. शिस्त बिघडली ती पुढे, आणि तीही कायद्याच्या डोळ्यांदेखत. १९४७ साली मुंबई प्रांतात शेतजमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. लोक त्याला ‘तुकडेबंदी’ म्हणतात. शेती किफायतशीर राहावी हा त्याचा हेतू होता, आणि तो योग्यच होता.

९/२४
पण त्यानंतरच्या काळात याच शेतांवर काय येऊन आदळले ते आठवा. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना आणि त्यामागोमाग कारखान्यांची रांग. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महापालिका. १९९७ मध्ये चिखली, तळवडे, वाकड यांसारखी गावे हद्दीत आली. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सतरा लाखांच्या पुढे गेलेली होती.

१०/२४
यंत्रांसाठी भूखंड आखले गेले. यंत्रे चालवणाऱ्यांसाठी मात्र पुरेसे आखले गेले नाहीत. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराने मग एक गुंठा, अर्धा गुंठा घेतला. खरेदीखत सामाईक क्षेत्रातले, सातबाऱ्यावर नावांची लांबलचक रांग, बिगरशेती परवानगीचा पत्ता नाही. २००१ मध्ये राज्याला या विकासासाठी ‘गुंठेवारी’ या नावाने वेगळा कायदाच करावा लागला. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मग वर आणखी एक गाळा : अरुंद इमारत अशी मजल्यामजल्याने वाढली.

११/२४
पिंपरी कॅम्पाची वाट थोडी वेगळी आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची येथे छावणी वसली. अशा निर्वासितांना नुकसानभरपाई आणि मालकी देणारा केंद्राचा कायदा १९५४ चा. छावणीतली वाटणी कुटुंबागणिक होते, आणि ज्याचे सर्वस्व सीमेपलीकडे राहिले त्याने दाराशी फळी टाकून दुकान मांडले, तर नवल कसले? कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथेही हेच घडले. दुसऱ्या महायुद्धात तेथे पोलिश निर्वासित होते, त्यांच्यानंतर सिंधी आले आणि आज तीच गांधीनगरची मोठी कापडपेठ आहे.

१२/२४
म्हणून या अरुंद दर्शनी भागाला मी दस्तऐवज म्हणतो. एका बाजूला विंगेटची साखळी, दुसऱ्या बाजूला फाळणीची छावणी, आणि दोन्हींवर चढलेले कारखानदारीचे मजले. क्योटोतील व्यापाऱ्यांची अरुंद, खोल घरे जपानी लोक ‘वाम माशाचे अंथरूण’ म्हणून कौतुकाने दाखवतात. ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठची चिंचोळी घरे पाहायला आपले लोक तिकीट काढून जातात. तेथे अरुंदपणा म्हणजे वारसा आणि पिंपरीत विद्रूपता? हा निकष सौंदर्याचा नाही, न्यूनगंडाचा आहे.

१३/२४
‘हे सगळे पाडून मॉल उभारा’ म्हणणाऱ्यांनी थोडा हिशेब करावा. शंभर मीटर रस्त्याला पाच मीटर रुंदीची वीस दुकाने लागतात. वीस मालक, वीस दारे, प्रत्येक दाराशी रस्त्याशी बोलणारा एक माणूस. मॉल तेवढ्याच लांबीत कोरी भिंत देतो आणि एक-दोन प्रवेशद्वारे. छोट्या भांडवलाच्या माणसाला पेठेत पाय ठेवायला जागा मिळते ती दर्शनी रुंदी लहान असते म्हणूनच. अरुंद दुकान ही व्यापारातली लोकशाही आहे. ती मोडणाऱ्याने आधी त्या विसांचे काय करणार ते सांगावे.

१४/२४
येथवर टाळ्या वाजवणाऱ्यांनो, आता थांबा. पुढचे भांडण तुमच्याशीच आहे. ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे चिखलीतील पूर्णानगरात एका दुकानाला आग लागली आणि दुकानातच राहणाऱ्या एकाच कुटुंबातील चौघे दगावले. त्यांत दोन मुले होती. माणसे झोपतात मालाच्या गराड्यात आणि रात्री बाहेरची वाट असते शटरमधून : या पट्ट्यातल्या असंख्य दुकानांचे चित्र असेच आहे. वारशाचा अभिमान सांगणाऱ्याला या चित्राकडे पाठ फिरवता येणार नाही.

१५/२४
१८ मे २०२५ रोजी हैदराबादेत चारमिनारजवळच्या गुलजार हौज येथे खाली दागिन्यांची दुकाने आणि वर बिऱ्हाड असलेल्या जुन्या इमारतीत आग लागली. सतरा माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. वर जायला-यायला वाट एकच, तीही अरुंद. इमारत जुनी होती, पेठ ऐतिहासिक होती, कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदत होते. इतिहासाने त्यांना सगळे दिले. नव्हता तो फक्त बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग.

१६/२४
‘हे आपल्याकडच्या गबाळेपणामुळे’ असे म्हणून सुटका नाही. १ सप्टेंबर २००१ रोजी टोकियोच्या काबुकिचो भागातील म्योजो ५६ या चिंचोळ्या, बहुमजली व्यापारी इमारतीत आग लागून ४४ जण मृत्युमुखी पडले. वापरायचा जिना एकच आणि तोही सामानाने अडलेला. जपानने त्यानंतर अग्निसुरक्षेचा कायदा कडक केला. लक्षात घ्या, त्यांनी अरुंद इमारती पाडल्या नाहीत. गिंझात त्या आजही दिमाखात उभ्या आहेत. त्यांनी जिन्याचा हिशेब मागायला सुरुवात केली.

१७/२४
अशी इमारत जीवघेणी का ठरते ते समजून घ्या. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याच्या भिंती, म्हणून खिडक्या नाहीत. मागे मोकळी जागा असावी तेथे पत्रा टाकून गोदाम. समोरच्या खिडक्यांवर एसीपीचे पत्रे आणि फ्लेक्सचा फलक. उरली एकच उभी पोकळी : जिना. धूर गरम असतो, तो वर चढतो, आणि जिना त्याचे धुराडे बनतो. माणूस खाली उतरू पाहतो त्याच वाटेने धूर वर येत असतो. बहुतेकांचा जीव ज्वाळेने नव्हे, या धुराने जातो.

१८/२४
नियम नाहीत असेही नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार पंधरा मीटर आणि त्याहून उंच इमारत ‘उंच इमारत’ ठरते. तिला किमान दोन जिने लागतात, आणि व्यापारी इमारतीच्या जिन्याची रुंदी दीड मीटर हवी. राज्याचा आगप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा आहे. पण पंधरा मीटरच्या आत पाच मजले सहज बसतात, आणि गच्चीवरची शेड नकाशात नसते. नियमाची रेघ जेथे संपते, नेमकी तेथेच आपली इमारत सुरू होते.

१९/२४
आता बांधणाऱ्याची बाजू प्रामाणिकपणे मांडतो. एक गुंठ्याचा पट्टा म्हणजे साधारण पाच मीटर रुंद आणि वीस मीटर खोल, शंभर चौरस मीटर. दीड मीटर रुंदीचा, मध्ये वळणारा एक जिना सुमारे सोळा चौरस मीटर खातो. दोन जिने बत्तीस. लिफ्ट आणि डक्टचे सहा धरा. प्रत्येक मजल्याचे शंभरातले अडतीस गेले. उरलेल्या बासष्टांत दुकान चालत नाही, कर्ज फिटत नाही. दुसरा जिना लोभापायीच गाळला जातो असे नाही. एकट्या माणसाला तो परवडतच नाही.

२०/२४
कळीचा शब्द आहे ‘एकट्या’. तीन शेजाऱ्यांनी मिळून दोनच जिने आणि एक लिफ्ट बांधली, तर तेच अडतीस चौरस मीटर तीनशेवर विभागले जातात. शेकड्याला तेरापेक्षाही कमी. प्रत्येक मजल्यावर मागच्या बाजूने एक उघडा सज्जा काढला की तिन्ही गाळे दोन्ही जिन्यांना जोडले जातात, आणि सज्जा उघडा असल्याने धूर कोंडत नाही. दुकाने वेगळी, मालक वेगळे, शटर वेगळे. समाईक काय? फक्त जीव वाचवण्याची वाट.

२१/२४
ही कल्पना परकी वाटते का? गिरणगावातल्या चाळीचा सज्जा आठवा. खोली प्रत्येकाची, सज्जा आणि जिना सगळ्यांचा. पेठेतल्या घरांची सामाईक भिंत आठवा, दोन घरांतला बोळ आठवा, दोन वाड्यांमधला आड आठवा. आपल्या पूर्वजांनी भिंत वाटून घेतली, पाणी वाटून घेतले. आपण सातबाऱ्यावरचे सामाईक क्षेत्र कोर्टात वर्षानुवर्षे भांडत ठेवतो, पण जिना वाटून घेण्याचा विचारही करत नाही. परंपरेचा अभिमान नेमका कोणत्या परंपरेचा?

२२/२४
‘शेजारी एकत्र येणार नाहीत’ हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच हे काम सद्भावनेवर सोडू नये. २०२५ मध्ये राज्य सरकारने नागरी भागांतील एक गुंठ्यापर्यंतचे तुकडे नियमित करण्याची घोषणा विधिमंडळात केली. हीच वेळ आहे. नियमितीकरणात शुल्क घेता, मग जिनाही मागा. लागून असलेल्या पट्ट्यांनी समाईक जिना आणि सज्जा दिला तर जादा बांधकामाची सवलत द्या. दिला नाही तर वरच्या मजल्यांवर व्यापाराची परवानगी देऊ नका. आज केवळ पावती फाडली, तर पुढच्या पन्नास वर्षांचा बाजार याच एका जिन्यावर उभा राहील.

२३/२४
उभ्या असलेल्या इमारतींनाही उपाय आहेत. शेजारच्या दोन गच्च्या जोडणारा लोखंडी पूल, खिडक्यांवरचे पत्रे काढणे, जिन्यात एकही खोके न ठेवणे, गाळ्यात कोणी झोपत असेल तर आतून उघडणारे दार. आणि दुर्गप्रेमींनो, तुम्हाला तर हे सांगायलाही नको. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष मानला आहे. अधिक दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवण्यास सांगितले आहे. तीनशे वर्षांपूर्वी गडासाठी जे कळत होते, ते आज गाळ्यासाठी कळू नये?

२४/२४
चाकणला आपण संग्रामदुर्ग पाहायला जातो. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्तेखानाच्या फौजेपुढे तो कसा झुंजवला, ते एकमेकांना सांगतो. पुढच्या वेळी परतताना बाजारात दहा मिनिटे थांबा. एखाद्या इमारतीची दर्शनी रुंदी पावलांनी मोजा, आठ आणे भरतात का पाहा. मग जिने मोजा. एकच निघाला तर वरच्या मजल्यावरच्या शिकवणी वर्गात त्या क्षणी किती मुले बसली आहेत, तेही मोजा. तिन्ही आकडे या थ्रेडखाली लिहा, आणि आपल्या भागातील नगरसेवकालाही कळवा.